सरमोलीतल्या बायकांना जमलं, ते आपल्या किनाऱ्यावर का जमू नये?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीपुळ्याच्या अलीकडे समुद्राला लागून आमचं गाव. घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, जेवणखाण मी आणि सासूबाई बघतो. वर्षानुवर्षं लोक आमच्याकडे फिरायला येतात पण आम्ही स्वतः कुठं गेलो म्हणाल तर कोल्हापूर नि पंढरपूर, बास. यंदा तुळशीचं लग्न आटोपलं, दिवाळीची गर्दी ओसरली, आणि मुलगी हटूनच बसली की आई आता बर्फ बघायचाच, तेव्हा घर सासूबाईंवर टाकून मी, हे आणि मुलगी असे तिघं उत्तराखंडात मुनस्यारीजवळच्या सरमोली गावात चार रात्री राहून आलो. आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

प्रवास मोठा आहे हे आधीच सांगते. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीनं काठगोदाम, आणि काठगोदामला रेल्वेच संपते, पुढं पावणेतीनशे किलोमीटरच्या वर नुसता घाट. आम्ही मध्ये अल्मोड्याला एक रात्र काढली म्हणून निभावलं, नाहीतर जीपमध्ये माझी अवस्था वाईट होती, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेतल्याशिवाय बसूच नये. बिर्थीचा धबधबा गेला की चढ सुरू होतो तो थेट कालामुनीपर्यंत, तिथं देवीचं देऊळ आहे, नवसाच्या घंटाच घंटा बांधलेल्या, आणि तिथनं गाडी पलीकडे वळली की समोर एकदम पंचाचूली. पाच शिखरं, सगळ्यात उंच ६९०४ मीटर. ड्रायव्हर सांगायला लागला की पांडवांनी स्वर्गात जायच्या आधी शेवटचा स्वयंपाक इथं पाच चुलींवर केला, पण आम्हाला नावाचा अर्थ कुणी सांगायला लागलाच नाही, चूल म्हणजे चूलच ना. संध्याकाळी सूर्य उतरला आणि ती शिखरं आधी पिवळी, मग केशरी, मग विझत आलेल्या निखाऱ्यासारखी लाल झाली तेव्हा मुलगी मोबाईल खाली ठेवून गप्प उभी होती, तिला इतका वेळ गप्प मी कधी बघितलेली नाही.

पण मला लिहायचंय ते बर्फाबद्दल नाही, आम्ही ज्या घरात राहिलो त्याबद्दल. दगडी घर, वर लाकडी माडी, अंगणात राजमा वाळत घातलेला, झाडाच्या बुंध्याभोवती गवताच्या उडव्या रचलेल्या, अगदी आपल्याकडे पेंढा रचतात तशा. घरात दीदी, तिचा नवरा, आणि म्हातारी आजी, तिला सगळे आमा म्हणतात. आम्हाला दिलेली खोली घरातलीच, गोधड्या घरच्याच, गरम पाणी चुलीवरून बादलीनं यायचं. जेवायला सगळे एकत्र चुलीपाशी. पहिल्या रात्री आमानं वाटीत डाळ वाढली, "गहत है, खा के देखो", आणि ह्यांनी एक भुरका मारला नि माझ्याकडे बघून म्हणाले, अगो हे तर कुळीथ! खरंच कुळीथ होते. भाकरी आली ती मडुव्याची, म्हणजे आपली नाचणी. खीर झंगोऱ्याची, तो वरीचाच भाऊ. आमाचं म्हणणं थंडीत गहत खाल्ला की अंगात ऊब राहते आणि मूतखडाही जातो, माझ्या सासूबाई कुळथाच्या पिठीबद्दल शब्दन् शब्द हेच सांगतात. माझं हिंदी बेताचं पण त्यानंतर मला तिथं परकं वाटलं नाही.

आता त्या गावाची गोष्ट. साधारण २००४ पासून तिथल्या बायकांनी आपापल्या घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. बाहेरून कुणी कंपनी येऊन बांधून दिलेलं नाही, घर त्यांचं, स्वयंपाक त्यांचा, पैसा बाईच्या हातात. आणि ह्याला जोडलेलं आहे ते त्यांचं जंगल. तिकडे वनपंचायत म्हणून प्रकार आहे, इंग्रजांच्या काळात, १९३१ च्या नियमांपासून चालत आलेला, गावालगतचं जंगल गावानंच सांभाळायचं, गवत कधी कापायचं, सुका पाला कधी न्यायचा हे गावच ठरवतं. दीदी आम्हाला मेसर कुंडापर्यंत घेऊन गेली, ओकच्या जंगलातलं तळं, गावानंच त्याची देखभाल करून राखलेलं आणि दरवर्षी तिथं ते लोक जत्रा भरवतात. मला आमच्या ग्रामदेवतेची राई आठवली, लहानपणी तिथं वाळकी काटकी उचलायची पण भीती वाटायची. दीदीचं म्हणणं एकच होतं, जंगल राहिलं तर पाणी राहील, पाणी राहिलं तर आम्ही राहू, आणि आम्ही राहिलो तरच पाहुणा येईल. २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयानं सर्वोत्तम पर्यटन गावांत सरमोलीला निवडलं ते उगाच नाही.

निघताना तिनं आमच्या हातात आमचीच बिस्किटांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून दिली, खाली शहरात टाका म्हणाली, इथं कचऱ्याची गाडी येत नाही. हे मी मनापासून केलं. आमच्याकडे मी पाहुण्यांना असं सांगायला कचरायचे, आता सांगते.

तिथं सगळं छानच आहे असं मात्र नाही. दरड पडली की रस्ता बंद, मोठं हॉस्पिटल लांब, पोरं बारावी झाली की हल्द्वानी नाहीतर दिल्ली. दीदीच्या आजेसासऱ्यांपर्यंत ते लोक मेंढ्यांवर माल लादून खिंडीतून तिबेटला जायचे, धान्य-गूळ न्यायचे आणि मीठ-लोकर आणायचे, १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार कायमचा बंद पडला आणि मुनस्यारीच्या वरच्या अख्ख्या जोहार खोऱ्याचं पोट तुटलं. ती हे सांगत होती आणि मला माझे सासरे डोळ्यासमोर आले. ते मुंबईला कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, त्यानंतर ते एक ट्रंक घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. आम्ही दोघी चुलीसमोर बसून ह्यावर खूप वेळ बोललो, तिला गिरणी काय ते माहीत नव्हतं आणि मला तिबेटचा व्यापार, पण एक दिवस अचानक कमाईची वाट बंद होणं म्हणजे काय हे दोघींना माहीत होतं.

मुलीनं मोबाईलवर शोधून दाखवलं. २००१ ते २०११ मध्ये देशाची लोकसंख्या वाढली पण रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. आणि त्याच जनगणनेत उत्तराखंडातले घटलेले जिल्हे कुठले, तर पौडी गढवाल आणि आम्ही जिथं रात्र काढली तो अल्मोडा. म्हणजे कुलूप लावलेली घरं तिथंही आणि आपल्याकडेही. आमच्या वाडीत अर्धी घरं फक्त गणपतीत आणि शिमग्याला उघडतात.

फरक पुढं पडतो. आपल्याकडे घराला कुलूप लागलं की वर्षभरात एजंट येतो. आमच्या शेजारची माडाची वाडी अशीच गेली, तिथं आता रिसॉर्ट आहे, नाव लिहीत नाही. समुद्रावर उतरणारी जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, त्यांच्या कंपाऊंडच्या आत गेली, आम्ही आता वळसा घालून जातो. त्यांच्या बोअरवेल दिवसरात्र चालतात आणि दोन वर्षांपासून मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं. किनाऱ्यापाशी गोडं पाणी जास्त उपसलं की जमिनीखालून खारं पाणी आत सरकतं, हे आम्हाला कुणी शास्त्रज्ञानं सांगायला नको, चहा नासला की कळतं. आणि पाण्याच्या अगदी तोंडावर बांधलेल्याचं काय होतं ते उत्तराखंडनं बघितलंय, ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीतल्या धराली गावात खीरगड ओढ्याच्या लोंढ्यानं बघता बघता हॉटेलं नेली. आपणही निसर्ग आणि तौक्ते वादळं पाहिलीत, तरी भरतीरेषेजवळ भिंती चढतायत.

लोक मला म्हणतात तिथं हिमालय आहे म्हणून चालतं. मला नाही पटत. आपल्याकडे मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा, २००२ पासून कासवांची अंडी जपायचं काम सुरू झालं आणि कासवं बघायला येणारे लोक गावातल्या घरांतच राहतात, मोदक नि आमटीभात खातात. रिसॉर्ट लागलं नाही. म्हणजे कोकणी माणसाला हे येतं.

अडतं कुठं ते सांगते. सरकारची न्याहारी निवास योजना आहे, २०२३ साली राज्यानं महिलांसाठी आई नावाचं पर्यटन धोरण आणलं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज अटी पाळल्या तर परत मिळतं. कागदावर उत्तम. मी एका बँकेत गेले तर पहिला प्रश्न, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का. आहो, आमचा सातबारा सामाईक, त्यावर सतरा नावं, त्यातली पाच माणसं वारली, चार बोरिवली-डोंबिवलीला, आणि बाईचं नाव एकही नाही. कोकणात घरोघरी हेच आहे. ज्या बाईनं तीस वर्षं ते घर झाडलं, शाकारलं, त्याच घरात पाहुणा ठेवायला तिला कर्ज मिळत नाही आणि प्लॉट पाडणाऱ्याला मात्र सतराच्या सतरा सह्या मिळतात. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा आणि घरातल्यांचं संमतीपत्र एवढ्यावर बाईच्या नावानं होमस्टेची नोंदणी आणि छोटं कर्ज व्हावं, ही माझी मागणी आहे आणि आपल्या पेपरनं ती लावून धरावी.

बाकीचं आम्ही आमचं बघू. पालखी जशी ठरलेल्या क्रमानं घरोघर जाते तसे पाहुणे पाळीपाळीनं वाटून घ्यायचे, दर एक ठेवायचा, कुणी कुणाचा भाव पाडायचा नाही, पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालणाऱ्याला खोली द्यायची नाही, आणि दर पाहुण्यामागे थोडे पैसे राईच्या नि विहिरीच्या कामाला बाजूला काढायचे. मी वाडीत बोलले तेव्हा वाटलं हसतील, पण सहा घरं तयार झाली. येत्या संकष्टीला संध्याकाळी चारला आम्ही सगळ्या देवळाच्या सभामंडपात बसणार आहोत. मालगुंड, नेवरे, आरे-वारे ह्या बाजूला घरात पाहुणे ठेवणाऱ्या ज्या कुणी असतील त्यांनी यावं, आणि सामाईक सातबाऱ्यातून कुणी वाट काढली असेल तर त्यांनी कागदपत्रं घेऊनच यावं. आमानं दिलेला राजमा आणलाय, त्या दिवशी तोच शिजवीन.

आपली,
एक वाचक, ता. जि. रत्नागिरी