‘स्वमता’आधी लेखकाचे मत विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठी वृत्तपत्रांतून जी मार्गदर्शनपर सदरे चालतात, त्यांत इंग्रजी उताऱ्यांवरील प्रश्नांचा विषय निघाला की बहुधा विशेषणांची एक यादी छापली जाते. स्केप्टिकल, सिनिकल, अ‍ॅम्बिव्हलंट, लॉडेटरी, डिसमिसिव्ह, सार्डोनिक अशी ती वाढत जाते आणि ‘लेखकाचा दृष्टिकोन ओळखा’ या प्रकारच्या प्रश्नांसाठी ती पाठ करावी, असा सल्ला तिच्यासोबत असतो. दादर-ठाण्याच्या क्लासांतून हीच यादी नोट्स म्हणून मिळते. ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण पर्यायातला शब्दच कळला नाही तर पुढचे सारे खुंटते. परंतु परळ-लालबाग भागातील एका अभ्यासिकेत पदवीच्या वर्गातल्या मुलामुलींना संध्याकाळी इंग्रजी शिकवताना माझे असे मत बनले आहे, की हे प्रश्न शब्दसंग्रह कमी पडल्यामुळे क्वचितच चुकतात. उताऱ्यातले इंग्रजी मुलांना बहुतेक वेळा समजलेले असते. एखादे वाक्य लेखक स्वतःच्या वतीने म्हणतो आहे की दुसऱ्याचे म्हणणे सांगतो आहे, हे मात्र त्यांनी पाहिलेले नसते. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलेही येथे तितकीच चुकतात, हे मुद्दाम नमूद करते. नाहीतर ही चर्चा लगेच माध्यमाच्या वादात शिरते.

हा प्रश्न किरकोळ नाही. व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या ‘कॅट’ परीक्षेत अलीकडच्या वर्षांत इंग्रजीच्या विभागात २४ प्रश्न असतात आणि त्यांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर विचारले जातात. विभागाला ४० मिनिटे मिळतात. बरोबर उत्तराला ३ गुण आहेत आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर १ गुण कापला जातो. बँकांच्या ‘आयबीपीएस’ परीक्षेत चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिस्सा जातो. विधी अभ्यासक्रमांची ‘क्लॅट’ परीक्षा तर २०२० पासून उताऱ्यांवरच आधारलेली आहे. परदेशी शिक्षणासाठी द्यावयाच्या ‘आयएल्ट्स’ परीक्षेत विधाने पडताळण्याचे दोन वेगवेगळे प्रश्नप्रकार आहेत. एकात उताऱ्यातील माहितीशी विधान जुळते का ते विचारतात आणि उत्तर ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ यांपैकी द्यायचे असते. दुसऱ्यात लेखकाच्या मताशी किंवा दाव्याशी ते जुळते का ते विचारतात आणि तेथे ‘येस, नो, नॉट गिव्हन’ असे पर्याय असतात. माहिती आणि मत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे परीक्षा घेणारेच इतक्या स्पष्टपणे सांगत असताना आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच तासात, एकाच पद्धतीने उरकले जातात.

आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आणि सिद्धान्त अशी मांडणी होती. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट, शक्य तितके बळकट करून मांडायचे आणि मग त्याचे खंडन करून स्वतःचे मत सांगायचे, ही रीत जाणकारांना नवी नाही. इंग्रजी नियतकालिकांतील वैचारिक निबंधांची चालही अशीच असते आणि परीक्षांतील उतारे पुष्कळदा अशाच निबंधांतून काढलेले असतात. पहिला परिच्छेद प्रचलित मत सांगतो, तेही इतक्या समरसतेने की ते लेखकाचेच वाटावे. तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर एखाद्या ‘यट’ने किंवा ‘हाउएव्हर’ने लेखक वळतो. घाईत वाचणारा विद्यार्थी पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजतो आणि उत्तर अगदी उलटे देतो. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले आणि शेवटचे वाक्यच वाचा, असे शिकवणाऱ्यांनी ही चूक आणखी पक्की करून ठेवली आहे, कारण हे वळण बरेचदा परिच्छेदाच्या पोटात असते.

काही शब्दप्रयोग तर हमखास फसवतात. ‘टू बी शुअर’ने सुरू होणारे वाक्य दिसले की लेखक अगदी ठामपणे बोलतो आहे, असे मुलांना वाटते; प्रत्यक्षात तो तेथे प्रतिपक्षाला एक मुद्दा तात्पुरता देऊन टाकत असतो आणि त्याचे खरे म्हणणे पुढच्या ‘बट’नंतर येते. ‘ग्रँटेड’, ‘अ‍ॅडमिटेडली’ आणि पुष्कळदा ‘अनडाउटेडली’ यांचेही तसेच आहे. दुसऱ्याचे म्हणणे सांगताना लेखक कोणते क्रियापद वापरतो, हेही पाहण्यासारखे असते. संशोधकांनी अमुक गोष्ट ‘पॉइंट आउट’ केली असे लिहिणाऱ्या लेखकाने ती गोष्ट मान्य केलेली असते; ते तसे ‘क्लेम’ करतात असे लिहिणारा स्वतःला चार पावले दूर ठेवत असतो. यांतले एकही विशेषण नाही, आणि क्लासची यादी मात्र विशेषणांची आहे!

उदाहरण दिल्याशिवाय हे पटणार नाही, म्हणून मुलांसाठी मीच लिहिलेला एक छोटा मराठी उतारा येथे देते. “चाळीतल्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी बरेच जण आता चाळीत राहत नाहीत, हा योगायोग नसावा. सणावाराला सताड उघडी असणारी दारे त्यांना आठवतात. पहाटे सामायिक नळावर लागणारी रांग आठवत नाही. तरीही त्यांची तक्रार सर्वस्वी टाकाऊ ठरवता येणार नाही. बाविसाव्या मजल्यावर नवे घर मिळालेल्या म्हातारीला शेजारच्या दारामागे कोण राहते हे कित्येक महिने कळत नाही, आणि पुनर्विकासाच्या आराखड्यात या गोष्टीसाठी रकाना नसतो.” प्रश्न असा, की चाळीच्या आठवणी काढणाऱ्यांविषयी लेखकाचा दृष्टिकोन कोणता आहे? पर्याय चार: त्यांच्याशी पूर्ण सहमत; त्यांची टवाळी करणारा; त्यांच्या आठवणींबद्दल साशंक, तरी तक्रारीत तथ्य मानणारा; आणि तटस्थ.

उत्तर तिसरे आहे, हे सावकाश वाचणाऱ्याला कळते. ‘योगायोग नसावा’ यात चिमटा आहे, पण ‘नाही’ऐवजी ‘नसावा’ लिहून लेखकाने तो बेताने घेतला आहे. ‘सर्वस्वी’ या एका शब्दाने त्याने तक्रारीचा काही भाग नाकारला आणि काही राखला आहे. तरीसुद्धा वर्गात उत्तरे कशी आली ते सांगण्यासारखे आहे. पुनर्विकासाची वाट पाहत चाळीतच राहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी दुसरा पर्याय निवडला, कारण चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या माणसांचा राग त्यांचा स्वतःचाच होता. टॉवरमध्ये राहायला गेलेल्या घरांतल्या मुलांना पहिला पर्याय बरोबर वाटला. एकालाही कोणता शब्द अडला नव्हता. पुढे मी विचारले, की पुनर्विकासाविषयी लेखकाचे मत काय. तेव्हा दोन्ही गट एकमुखाने ‘विरोध’ म्हणाले. लेखकाने पुनर्विकासाला कोठेही विरोध केलेला नाही. त्याने आराखड्यातील एक उणीव दाखवली आहे, इतकेच. दृष्टिकोन नेमका कशाविषयीचा विचारला आहे, हे सांगणारे प्रश्नातले शब्द निम्मे उत्तर ठरवतात आणि घाईत नेमके तेच वाचायचे राहतात.

मुले स्वतःचे मत लेखकाच्या तोंडी का घालतात, याचे एक कारण मला शालेय प्रश्नपत्रिकांत दिसते. आपल्या दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत उताऱ्यावरील शेवटची कृती ‘पर्सनल रिस्पॉन्स’ची असते, मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ असते. घोकंपट्टीला आळा बसावा, मुलांनी स्वतंत्र विचार करावा, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे आणि या बदलाचे मी शिक्षिका म्हणून स्वागतच केले होते. परंतु आधीच्या कृतींत उताऱ्यातील माहिती शोधायला लावायची, शब्दार्थ आणि व्याकरण विचारायचे, आणि तेथून एकदम विद्यार्थ्याच्या मतावर यायचे, यात मधली पायरी गळते. लेखकाला यासंबंधी काय वाटते, ते त्याने उघड म्हटले आहे की सुचवले आहे, कोणत्या ओळीवरून तसे दिसते, हे क्वचितच विचारले जाते. शाळेची सारी वर्षे ‘तुला काय वाटते’ या प्रश्नाला गुण मिळवलेला विद्यार्थी पुढे ‘लेखकाला काय वाटते’ या प्रश्नालाही तेच उत्तर देतो, यात त्याचा दोष थोडा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या ‘सीसॅट’च्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यांच्या वर सूचना छापलेली असते, की उत्तरे केवळ उताऱ्यांच्या आधारे द्यावीत. ती वाचून मुले पुढे जातात, कारण ती आपल्याला उद्देशून का लिहिली आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

क्लासांच्या युक्त्यांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. टोकाचा पर्याय खोडावा, ही त्यांतली सर्वांत लाडकी. ती बऱ्याचदा लागू पडते, कारण अभ्यासपूर्ण निबंध लिहिणारे लेखक सहसा जपून बोलतात. पण उतारा एखाद्या कठोर ग्रंथपरीक्षणातला असेल तर टोकाचाच पर्याय बरोबर असतो आणि युक्तीवर विसंबलेला विद्यार्थी सौम्य विशेषण निवडून गुण घालवतो. काही कळले नाही तर ‘न्यूट्रल’वर खूण करावी, ही दुसरी. एका बाजूची चार उदाहरणे सविस्तर आणि दुसऱ्या बाजूचे एकच, तेही ओझरते, देणारा लेखक एकही मतदर्शक शब्द न वापरता आपले मत सांगून गेलेला असतो. प्रश्नार्थक वाक्यांचेही तसेच आहे. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’तील १८९७ सालच्या अग्रलेखाचा मथळा व्याकरणाने निव्वळ प्रश्न आहे, त्यात निंदेचे एकही विशेषण नाही, आणि तरीही लेखकाचा दृष्टिकोन तटस्थ आहे असे कोणताही मराठी वाचक म्हणणार नाही.

परीक्षा घेणाऱ्यांचे सगळेच बरोबर असते, असेही नाही. मूळ निबंध मोठा असतो. त्याचा तुकडा काढताना आणि तो आटोपशीर करताना लेखकाचे एखादे महत्त्वाचे वळण कात्रीत सापडू शकते, आणि मग दोन पर्याय जवळजवळ सारखे योग्य वाटू लागतात. उपरोधाच्या बाबतीत ही अडचण सर्वांत जास्त, कारण उपरोध कळण्यासाठी बोलणाऱ्याची ओळख लागते आणि परीक्षेतल्या उताऱ्याला लेखकाचे नावही बहुधा नसते. ‘कॅट’मध्ये उत्तरसूचीवर आक्षेप नोंदवण्याची सोय आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. तिचा उपयोग करण्यासाठी मात्र आपले उत्तर उताऱ्यातील कोणत्या शब्दांवर उभे आहे ते दाखवता आले पाहिजे.

आता वेळेचा आक्षेप. ४० मिनिटांत २४ प्रश्न सोडवायचे तर प्रत्येक वाक्य कोणाचे हे पाहत कोण बसणार, असे मुले विचारतात आणि त्यांचे चुकत नाही. पण ही सवय परीक्षेच्या खोलीत लावायची नसते. अभ्यासिकेत आम्ही वृत्तपत्रांतले अग्रलेख घेतो आणि प्रत्येक वाक्याच्या बाजूला पेन्सिलने ‘ले’ किंवा ‘इ’ लिहितो. ‘ले’ म्हणजे लेखक, ‘इ’ म्हणजे इतर. आधी मराठी अग्रलेख, मग इंग्रजी. मराठीत मुले भराभर खुणा करतात, ‘म्हणे’ आणि ‘अर्थात’ दिसताच त्यांना लेखकाचा रोख कळतो, आणि जे कौशल्य आपल्यापाशी नाही असे त्यांना वाटत होते ते मातृभाषेत आधीपासूनच होते, हे त्यांच्या लक्षात येते. इंग्रजीत सुरुवातीला वादावादी होते. एकाच वाक्याला दोघे जण दोन वेगळ्या खुणा करतात आणि आपापली बाजू उताऱ्यातून सिद्ध करू पाहतात. त्या वादात जेवढे इंग्रजी शिकून होते, तेवढे यादी पाठ करून होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपल्या शैक्षणिक पुरवणीकडे माझी विनंती एवढीच आहे, की विशेषणांच्या यादीला दिली जाणारी जागा आठवड्यातून एकदा एखाद्या उताऱ्याला द्यावी. आपल्याच वृत्तपत्रात आधी येऊन गेलेल्या एखाद्या वैचारिक लेखाचे दोन परिच्छेद आणि त्यांच्या जोडीला तेवढ्याच लांबीचा इंग्रजी उतारा छापावा. कोणते वाक्य कोणाचे, हे विचारावे. आणि पुढच्या आठवड्यात उत्तरे कारणांसह द्यावीत. मराठी लेखाच्या बाबतीत तर मूळ लेखकालाच ती उत्तरे तपासायला सांगता येतील. बालभारतीच्या आणि राज्य मंडळाच्या तज्ज्ञांनीही दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमता’च्या अगोदर दोन गुणांची एक कृती लेखकाच्या मतावर ठेवण्याचा विचार करावा आणि उत्तरात उताऱ्यातील आधाराची ओळ लिहिणे बंधनकारक करावे. गुणांची बेरीज जुळवण्यासाठी काही कमी करायचेच झाले, तर उताऱ्यातील माहिती जशीच्या तशी उतरवून घेणारी एखादी कृती वगळता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
परळ, मुंबई