रात्री धरून की सोडून?

पणजी, रविवार

तीर्थरूप आई-बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

प्रमाणपत्र परवा हातात आलं. आई, तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "बरोवपाक तुका येताच मगे, मागीर वर्सभर कितें शिकलें गो तूं?" तेवढ्यात माझी बस आली आणि उत्तर राहून गेलं. घरात आपण कोंकणी बोलतो, पण पत्र मराठीत लिहायचं ही रीत बाबांनी घालून दिली. म्हणून लिहायला तुला येतंच ना, मग वर्षभर काय शिकलीस, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मराठीत आणि सविस्तर लिहिते.

प्रमाणपत्रावर 'सार्वजनिक आणि व्यावसायिक लेखन' असं छापलंय. ते पदवीपातळीचं आहे, म्हणजे पदवी नव्हे. बी.ए.च्या मुलांना असतात त्याच तोलाचे, पण मोजकेच आणि एकाच कामाचे विषय. कथा-कविता त्यात नाहीत. अर्ज, सूचना, निवेदन, सभेचं इतिवृत्त, कामाचा अहवाल, एखाद्या संस्थेने निधी मागण्यासाठी करायचा प्रस्ताव, वर्तमानपत्राला द्यायची बातमी, दवाखान्यातून घरी सोडताना हातात देतात तो कागद. जे वाचून कुणाला तरी पुढे काहीतरी करायचं असतं, ते सगळं यात येतं. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले. हे कोण वाचणार? आणि वाचून झाल्यावर तो काय करणार? वर्षभर प्रत्येक कामाला आम्हाला तेच दोन प्रश्न विचारले गेले.

बाबा, मला तेव्हा तुमचा मायना आठवला. जन्मदात्यांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव. चौथीत असताना मामाला 'तीर्थरूप' लिहिलं म्हणून तुम्ही अख्खं पत्र पुन्हा लिहायला लावलं होतंत. मी रडले होते. समोर कोण बसलंय हे ठरल्याशिवाय पहिली ओळ लिहायची नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं, फक्त त्याला एक विषय म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

आता आई, तुझ्या डोळ्याची गोष्ट. तुला पूर्ण कधी सांगितली नाही. मोतीबिंदू काढल्यावर दिलेल्या कागदावर इंग्रजीत थेंबांची नावं होती आणि पुढे '6-4-3-2-1' असे आकडे. म्हणजे पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा वेळा, दुसऱ्यात चार, असं उतरत जायचं. तू दुसऱ्या आठवड्यातही सहा वेळाच घालत राहिलीस आणि दुसरी बाटली 'हे पण तेच असेल' म्हणून बंद केलीस. तपासणीला गेलो तेव्हा कळलं. डोळा वाचला, पण बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "मला समजत नाही, माझंच चुकलं." ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तो कागद तुझ्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

वर्गात एक कागद निवडून तो वाचणाऱ्यासाठी नव्याने लिहायचं काम आलं, तेव्हा मी तोच निवडला. लिहून झाल्यावर चाचणी घ्यायची असते. ज्याच्यासाठी लिहिलं त्याने वाचायचं आणि आपण गप्प राहून तो कुठे अडतो ते टिपायचं. मदत करायची नाही. आठवतंय ना, चार रविवार मी तुला फोनवर काहीबाही वाचायला लावत होते? पहिल्या खेपेला मी लिहिलं होतं, 'दिवसातून चार वेळा'. तू वाचलंस आणि विचारलंस, "रात्री धरून की सोडून?" मला उत्तर देता येईना. मी इतकी वर्षं 'दिवसातून चार वेळा' वाचत आले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, जागेपणीच्या वेळात. मग मी घड्याळ काढून टाकलं आणि तुझा दिवस घातला. तुळशीला पाणी घातल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, सांजेर दिवा लावताना, न्हिदतना. पुढच्या खेपेला 'दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं थांबा' इथे तू अडलीस. तुला वाटलं, एकाच बाटलीचे दोन थेंब. ते 'पांढऱ्या झाकणाच्या बाटलीनंतर पाच मिनिटं थांब, मग गुलाबी झाकणाची' असं झालं. शेवटचा कागद डॉक्टरांनी आपल्या कागदाशी ताडून पाहिला, कारण सोपं करताना औषधाचं माप इकडचं तिकडे होऊन चालत नाही.

'सांजेर' म्हणजे संध्याकाळी आणि 'न्हिदतना' म्हणजे झोपताना, या दोन शब्दांवर एकाने वर्गात हरकत घेतली, मराठी कागदात कोंकणी कशी? मी त्याला फादर थॉमस स्टीफन्स सांगितले. हे इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचं मराठी ओव्यांतलं क्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. प्रस्तावनेत ते सांगतात की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून आधीच्या कवींचे अवघड शब्द टाकून जागोजागी ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द मिसळले. ब्राह्मणांची भाषा म्हणजे त्यांच्या लेखी आपली कोंकणी. पुराण रचणाऱ्याला जे चाललं, ते डोळ्याच्या थेंबांना का चालू नये? बाईंनी दोन्ही शब्द ठेवले. सोप्या भाषेसाठी 2023 पासून एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ 24495. वाचणाऱ्याला हवं ते सापडलं पाहिजे, कळलं पाहिजे आणि वापरता आलं पाहिजे, असा त्याचा आशय आहे. मला ते वाचताना तुझा फोनवरचा आवाज ऐकू येत होता.

बाबा, तुमचंही एक काम मी वर्गात वापरलं, न विचारता. चॅलेंजर यानाचा अपघात आम्हाला अभ्यासाला होता. 28 जानेवारी 1986 ला ते अमेरिकन यान उडाल्यावर 73 सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. आदल्या रात्री रॉकेटच्या अभियंत्यांनी सांगितलं होतं की थंडीत सांध्यातल्या रबरी कड्या कडक होतात, उद्या उडवू नका. पण त्यांच्या तक्त्यांमध्ये थंडी एका पानावर आणि कड्यांचं नुकसान दुसऱ्या पानावर असं विखुरलेलं होतं. दोष फक्त कागदाचा होता असं मी म्हणणार नाही. ऐकणाऱ्यांना यान उडवायचं होतं. तरी 'त्या रात्री तुम्ही असता तर एका पानात काय लिहिलं असतं?' असा आम्हाला वर्गात प्रश्न होता. मी तुमच्या खाणीवरच्या डायरीसारखं लिहिलं. वर्कशॉपच्या रजिस्टरात केलेली नोंद तुम्ही खिशातल्या डायरीतही उतरवून ठेवायचात: 'डंपर 14. मागचा डावा ब्रेक धरत नाही. उतारावर नेऊ नये. सकाळी 6.10. फोरमनला सांगितलं.' कोणतं यंत्र, काय बिघडलं, काय करायचं नाही, कधी, कुणाला सांगितलं. पाच तुकडे. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हे कुठे शिकलीस?

आता जे सांगायला हे पत्र खरं तर सुरू केलं ते. 2012 च्या सप्टेंबरात सरकारने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम आला आणि तुम्ही घरी बसलात. मी दुसऱ्या वर्षाला होते. 'अभ्यासात मन लागत नाही' असं सांगून मी कॉलेज सोडलं. ते खरं नव्हतं. फी माफीसाठी अर्ज करायची सोय होती. मी तीन रात्री अर्ज लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'बिकट परिस्थितीच्या अनुषंगाने' असले शब्द जमवत राहिले, कारण अर्ज म्हणजे असाच असतो असं वाटायचं. त्यात वडिलांची खाण बंद झाली हे साधं वाक्य कुठेच येईना. लिहायची लाज वाटली, आणि लाज झाकणारे शब्द मला लिहिता येत होते. चौथ्या दिवशी मुदत संपली. तुम्ही दोघं इतकी वर्षं समजत आलात की पैसे नव्हते म्हणून, किंवा मला आवड नव्हती म्हणून. बाबा, तुमच्यामुळे माझं शिक्षण सुटलं नाही. हे मला तुम्हाला लेखी द्यायचं होतं.

नोकरी तीच आहे, आई. पण साहेबांनी पक्षकारांना जाणारी पत्रं आता माझ्याकडे दिली आहेत. आधी 'आवश्यक कागदपत्रांसह उपस्थित राहावे' असं जायचं. आता कोणते चार कागद, मूळ की प्रत, किती वाजेपर्यंत, असं जातं. पेडण्याहून, काणकोणहून येणाऱ्या माणसाची एक फेरी वाचते. पगार थोडा वाढला, फार नाही. पदवी पुरी करायची माझी इच्छा आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, साठवून ठेवायची सोय झाली आहे. या वर्षाचे माझे किती धरले जातील ते विचारते आहे. त्याची तीन वर्षं शनिवार-रविवार जातील, घरी येणं कमी होईल, म्हणून आधी तुम्हाला विचारते. चवथीला मात्र येणारच, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला मी हवी.

बाबा, त्या डायऱ्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. पावसाळ्यात पेटीला ओल येते. मी येईपर्यंत त्या खाली काढून कोरड्या जागी ठेवा, पण टाकू नका आणि कुणाला देऊ नका. मला त्या सगळ्या वाचायच्या आहेत, तुम्ही शेजारी बसून.

येत्या शनिवारी दुपारच्या कदंब बसने निघते.

तुमची,
बाय

ता.क. आई, दुसऱ्या डोळ्याची तारीख लागली की लगेच कळव. कागद मोठ्या अक्षरात काढून आणते. या वेळी थेंब वेगळे असतील, तर परत चार रविवार वाचायला लागेल.