खेचलेली तार आणि बिनबॅटरीचा एन्कोडर

कोल्हापूर

भावा,

फोनवर विचारलंस ना, की तुझ्या मशीनचा तो नवा एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर, बॅटरी नसताना, लाईट गेलेली असताना शाफ्ट हाताने फिरवला तरी फेरे बरोबर कसे मोजतो? फोनवर सांगून भागणार नव्हतं म्हणून लिहायलाच बसलो, मला ही गोष्ट लय आवडते.

सगळा खेळ ताणाचा आहे बघ. लोखंड मॅग्नेटाइझ झालं की त्याची लांबी किंचित बदलते, हे जूलने 1842 साली दाखवलं. मग उलटं पण होणारच, तार ताणली की तिचं मॅग्नेटिझम बदलणार, ते व्हिलारीने 1865 ला बघितलं. निकेल तर मॅग्नेटाइझ होताना आखडतं, दहा लाखात तीस-पस्तीस भाग फक्त, पण तेवढ्यामुळे निकेलची तार ताणली की लांबीच्या दिशेने मॅग्नेटाइझ व्हायला जड जाते. लोखंडाचं अजून वेगळंच, मॅग्नेटिक फील्ड, म्हणजे बाहेरून लावलेला चुंबकाचा जोर, कमी असताना ताण मदत करतो आणि फील्ड वाढलं की तोच ताण आडवा येतो.

पण निकेल-लोखंड योग्य प्रमाणात मिसळून तार केली आणि ती ताणून धरली, की आतल्या डोमेनना, म्हणजे एकाच दिशेने मॅग्नेटाइझ झालेल्या छोट्या-छोट्या भागांना, तारेच्या लांबीवरच्या दोनच दिशा चालतात, इकडे नाहीतर तिकडे. उलटं फील्ड वाढवत जा, बराच वेळ काहीच नाही, आणि मग एका जागी सुरुवात झाली की डोमेनची भिंत, म्हणजे दोन डोमेनमधली सीमा, धावत सुटते आणि अख्खी तार पालटते, खासबागेत डाव लागला की सगळं मैदान उठतं तसं. सिक्स्टस आणि टाँक्स यांनी 1931 ला तारेवर एकमेकींपासून लांब दोन कॉइल ठेवून या भिंतीचा वेगच मोजला, काय डोकं असेल!

तुझ्या एन्कोडरमधली तार बहुतेक वीगँडची. कोबाल्ट, लोखंड, व्हॅनेडियमची तार उलटसुलट पिळून पिळून बाहेरचा थर मॅग्नेटिकली कडक केलेला आणि गाभा मऊ, म्हणजे वजन टांगायला नको, ताण आतच मुरलेला. शाफ्टवरचा मॅग्नेट कितीही सावकाश फिरव, गाभा पालटतो तो झटक्यातच, त्यामुळे कॉइलमध्ये पल्स दरवेळी जवळपास सारखाच येतो आणि मोजणाऱ्या चिपला एक फेरा नोंदवण्यापुरती वीज त्यातूनच मिळते.

दिवाळीला येताना निकेलची बारीक तार आण, कॉइल मी गुंडाळून ठेवतो, तारेला वजनं लटकवत ऑसिलोस्कोपवर लूप, म्हणजे फील्ड वाढवत-घटवत नेलं की तारेचं मॅग्नेटिझम कसं बदलतं त्याचा आलेख, कसा आडवा होत जातो ते बघू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
सुहास