गणपतीतले दोन तास शांत ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या तयारीच्या बैठका आता मंडळामंडळांत सुरू होतील, म्हणून आत्ताच लिहिते आहे. माझा पंधरा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. त्याला सगळ्या आरत्या क्रमाने पाठ आहेत. घरच्या पूजेत एखादं कडवं गाळलं, तर तो पहिल्यापासून म्हणायला लावतो. मंडळाचा मांडव आमच्या दारापासून पन्नास पावलांवर आहे, तरी तीन वर्षं त्याला तिथलं दर्शन मिळालं नव्हतं.

कारण आवाज. ढोल वाजत असतानाही आपण शेजारच्याशी बोलू शकतो, कारण नको तो आवाज आपला मेंदू आपोआप मागे सारतो. त्याच्या मेंदूला ते जमत नाही. ढोल, ताशा, जनरेटर, कुणाची शिट्टी, सगळं सारख्याच जोराने अंगावर येतं. त्यात लुकलुकते दिवे आणि रेटारेटी. मग तो कान दाबून खाली बसतो, कधी स्वतःच्या मनगटाला चावतो. बघणाऱ्यांना हा हट्ट वाटतो. ‘सवय लावा हो, लाड कमी करा’ हे मी मांडवाच्या दारात ऐकलं आहे. भाजण्याची सवय कुणाला होते का?

गेल्या वर्षी एक तरुण कार्यकर्ता वर्गणीची पावती द्यायला आला होता. त्याने चौकशी केली आणि म्हणाला, ‘‘काकू, दुपारी दोनला आणा त्याला. तेव्हा मांडवात कुणी नसतं. लाइटिंग आणि स्पीकर मी बंद ठेवतो.’’ माझा मुलगा त्या दिवशी वीस मिनिटं मूर्तीसमोर उभा होता. सगळ्या आरत्या त्याने एकट्याने म्हटल्या. त्या पोराने शेजारी उभं राहून अगदी हळू टाळ्या धरल्या. मंडळाला याचा एक रुपयाही खर्च आला नाही.

हे एखाद्याच्या चांगुलपणावर का अवलंबून असावं? प्रत्येक मंडळाने एका दुपारचे दोन तास शांत दर्शनासाठी ठेवावेत आणि आरतीच्या वेळांच्या फलकावरच ते लिहावेत. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेली मुलं, लुकलुकत्या दिव्यांनी ज्यांना फिट येऊ शकते अशी माणसं, स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा, सगळेच येतील. आणि ही फक्त लहान मुलांची गोष्ट नाही. स्वमग्न मूल मोठं होऊन स्वमग्न माणूसच होतं, त्यालाही बाप्पा हवा असतो.

ढोल पथकांनी सरावाच्या वेळा आधी कळवल्या तरी खूप झालं. आवाजाइतकाच त्रास तो अचानक सुरू होण्याचा असतो. कार्यकर्त्यांना एवढंच सांगावं: अशा मुलाचा हात धरून ओढू नका, ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणू नका, आणि काही विचारलंत तर उत्तरासाठी थोडं थांबा.

1995 च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, अध्ययन अक्षमताही आहे, आणि त्याचं कलम 29 सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याबद्दलच आहे. राज्य सरकारने 2025 मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हटलं. मग मंडळांच्या परवानगी अर्जात शांत दर्शनाच्या वेळेसाठी एक रकाना घालायला काय हरकत आहे? मंडळांच्या स्पर्धांत त्याला गुणही द्यावेत. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा तर 2000 सालच्या नियमांत आहेच. तीच पाळली तर आमचं निम्मं काम होईल.

आमच्या मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. मुलगा माझ्याबरोबर येणार आहे. ती किती वाजता सुरू होणार आणि किती वाजता संपणार, हे विचारून त्याने आजच कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

आपली,
एका स्वमग्न मुलाची आई,
कोथरूड, पुणे