जुनी जीप घेताना आधी चॅसी बघा

पन्हाळा, गगनबावड्याच्या वाटेवर रविवारी जुन्या जीप दिसतात. हौस चांगलीच, पण घेणारे पुढची सात फटींची जाळी बघून भुलतात. खाली वाकून चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, कुणी बघत नाही. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली गंज. स्प्रिंग चॅसीला धरून ठेवणाऱ्या हँगरजवळ स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आरपार! चॅसीवरचा नंबर आरसी बुकाशी जुळत नसेल तर व्यवहारच करू नये.

त्याहून वाईट वाटतं ते इंजिनाचं. मूळ पेट्रोल इंजिन भंगारात आणि त्या जागी मिळेल ते डिझेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी (जुन्या, जपलेल्या गाड्यांची वेगळी नोंदणी) गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. शुल्क २० हजार रुपये. इंजिन बदललं की तो मार्ग बंद. (ही नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही खरं.)

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुश-पिना असे छोटे सुटे भाग करून देणारे कारागीर आहेत. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांचा) शाबूत असेल तर बोअर करून, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कातून, पिस्टन बदलून मूळ इंजिन पुन्हा चालू होतं. वेळ लागतो, इतकंच. आरटीओने विंटेज नोंदणीचे हे नियम मराठीत फलकावर लावावेत, ही विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर