आक्रमकांची नाणीही मांडायला हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या नाणेप्रदर्शनांत आक्रमकांची आणि गादी बळकावणाऱ्यांची नाणी मांडू नयेत, कारण त्यामुळे त्यांचा गौरव होतो, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. पत्रलेखकांची भावना मी समजू शकतो. मात्र ज्या नाण्यांना ते हद्दपार करू पाहतात, त्यांतच आपल्या इतिहासाचे काही अत्यंत भक्कम पुरावे आहेत, आणि अशाच नाण्यांचा संग्रह करणारा म्हणून मला माझा मतभेद नोंदवावासा वाटतो.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची, म्हणजे महाराष्ट्राचा मोठा भाग जिंकून बसलेल्या परक्या राजाची होती. आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःचा ठसा पुन्हा मारून घेतला होता. असे एखादे नाणे, जे जेमतेम दोन ग्रॅमचे असते, भिंगाखाली धरले की तीन कमानींच्या डोंगराच्या चिन्हाआडून नहपानाचे नाक आणि डोळ्याची खोबण डोकावते, आणि उलटवले की उज्जयिनी चिन्हाच्या वर्तुळांमधून जुन्या बाणाचे टोक व मूळ लेखाची वाचलेली दोन-तीन अक्षरे दिसतात. पांडवलेण्यांतल्या शिलालेखात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा म्हटले आहे हे खरे. पण ती आईने कोरवून घेतलेली प्रशस्ती आहे, आणि प्रशस्तीत चार शब्द वाढवून लिहिण्याची आपल्याकडे रीतच होती. त्या दाव्याला साक्ष मिळाली ती जोगलटेंभीच्या नाण्यांची. नहपानाची नाणी परक्याची म्हणून कोणी आटवून टाकली असती, तर त्यांवरचा सातकर्णीचा ठसाही त्याच मुशीत गेला असता.

जिंकणारा माणूस नाण्यावर हवे ते छापू शकतो, असा एक समज दिसतो. प्रत्यक्षात त्याला बाजाराकडे पाहावे लागते, कारण सराफाने नाकारलेले नाणे राजाच्याही उपयोगाचे नसते. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याने पश्चिम क्षत्रपांचे राज्य जिंकले, तेव्हा त्या प्रदेशासाठी पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर क्षत्रपांच्या धाटणीचा राजाचा चेहरा तसाच ठेवला आणि मागच्या बाजूच्या डोंगराच्या जागी फक्त आपला गरुड बसवला. मुहंमद घोरीने कनौज-काशीच्या गाहडवाल राजांचा मुलूख घेतल्यावर जी सोन्याची नाणी पाडली, त्यांवर बसलेली लक्ष्मी आहे आणि नागरी लिपीत 'श्री महमद बिन साम' असे नाव आहे. ज्याला मूर्तिभंजक म्हणून आपण शाळेपासून ओळखतो, त्याच्या टाकसाळीतून लक्ष्मीचे नाणे बाहेर पडले, ही गोष्ट प्रदर्शनातल्या मुलांना दाखवायची की लपवायची, हे पत्रलेखकांनीच सांगावे.

लांब कशाला, पुण्याच्याच टाकसाळीचे पाहा. औरंगजेबाने १७०३ च्या सुमारास पुण्याला 'मुहियाबाद' हे नाव दिले. ते लोकांच्या तोंडी कधी रुजले नाही. पण पेशवाईत इथे पडलेल्या रुपयांवर फारसी लिपीत 'मुहियाबाद पुणे' हीच टाकसाळ आणि दिल्लीच्या बादशहाचेच नाव येते, आणि मराठ्यांचे म्हणून ओळखण्याजोगे त्यावर असते ते लहानसे अंकुशाचे चिन्ह. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तरी कंपनी सरकारने इथला अंकुशी रुपया लगेच बंद केला नाही; पुढे बरीच वर्षे तो तसाच, फसली सन (महसुली कालगणनेचे वर्ष) घालून, पाडला जात राहिला. पुण्यावर राज्य करणारा बदलला हे त्या रुपयावरून सामान्य माणसाला कळलेही नसते, आणि कंपनीला बहुधा तेच सोयीचे होते. आक्रमकाचे नाणे वगळायचे, तर या रुपयांपैकी कोणते ठेवणार आणि कोणते काढणार?

गादी बळकावणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना घाई असते. १३२० मध्ये दिल्लीचा सुलतान मुबारक शाह याचा खून करून गादीवर बसलेला खुसरो खान काही महिनेच टिकला, पण तेवढ्यात त्याने आपल्या नावाची नाणी पाडून घेतली. चुलत्याला मारून सुलतान झालेला अलाउद्दीन खिलजी नाण्यावर स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवतो. तिसऱ्या शतकात ब्रिटन बळकावून बसलेल्या रोमन सेनानी कॅरॉसियसने आपल्या नाण्यावर रोमच्या दोन अधिकृत सम्राटांच्या रांगेत स्वतःचा चेहरा घालून तिघांना भाऊ ठरवले; त्या दोघांना हे भाऊपण मान्य नव्हते, हे सांगायला नकोच. त्याच शतकातला दुसरा डोमिटियानस हा तर नाण्यांपुरताच उरलेला रोमन सम्राट आहे: फ्रान्समध्ये सापडलेले त्याचे एक नाणे बराच काळ बनावट समजले जाई, आणि २००३ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये एका साठ्यात दुसरे निघाले तेव्हा त्याचे राज्य खरोखर होते यावर विश्वास बसला. आपल्याकडचे ठळक उदाहरण शेरशाहाचे. हुमायूनला हुसकावून लावलेल्या या अफगाण सरदाराने ठरवलेला सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया, परत आलेल्या मोगलांनी मुकाट्याने पुढे चालवला.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्यावर त्यांनी अधिक लिहायला हवे होते. अशा नाण्यांच्या भोवती जो बाजार उभा राहतो तो स्वच्छ नाही. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रूटसने पाडलेले, दोन खंजिरांचे सोन्याचे नाणे २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेले. त्याच्या मालकीचा इतिहास खोटा असल्याचे पुढे उघड झाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावे लागले. आपल्याकडे रक्कम लहान असते, रीत तीच. शेतात मडके निघाले की नाणी वाटून घेतली जातात, चिंच-राखेने घासून चकचकीत केली जातात, आणि ती कोणत्या गावची, कोणत्या नाण्यांबरोबर निघाली ही माहिती पहिल्याच सौद्यात नाहीशी होते. वास्तविक १८७८ च्या निखात निधी (पुरलेल्या धनाच्या) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा साठा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि सापडवणाऱ्याच्या वाट्याची तरतूदही त्यात आहे. हे गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लिहिलेले मी तरी पाहिलेले नाही.

बनावट नाण्यांबद्दल तर बोलायलाच नको. जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारली तर एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ साल असलेली 'नाणी' हमखास दिसतात. कंपनीने असले नाणे कधीही पाडले नाही. तरीही ते तांदूळ ओढून घेते, म्हणजे त्यात अद्भुत शक्ती आहे, असे सांगून त्याच्या नावाने लोकांना लुबाडले जाते.

म्हणून प्रदर्शनांच्या आयोजकांना माझी विनंती अशी की, कोणाची नाणी मांडू नयेत याची यादी करण्याऐवजी प्रत्येक नाण्याखाली ते कोठे सापडले आणि संग्रहात कसे आले हे लिहावे, आणि ज्याची माहिती नाही तिथे तसे स्पष्ट म्हणावे. त्याशिवाय एक टेबल केवळ बनावट नाण्यांचे असावे. तिथे ओतीव, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या, बनावट नाण्याच्या कडेवरची शिवण, पृष्ठावरची बारीक छिद्रे आणि वजनातला फरक खऱ्या नाण्याशेजारी ठेवून दाखवावा, आणि प्रेक्षकांना दोन्ही स्वतः तोलून पाहता यावीत म्हणून एक लहान तराजूही ठेवावा.

आपला,
एक नाणेसंग्राहक, पुणे