पन्नास म्हणताय, मग पाच का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाढ्यांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला आणि तो काही मनातून जाईना. दुसरीतच तीसपर्यंत पाढे घोकून घ्या म्हणजे गणित सुधारेल, असं लेखकमहाशय म्हणतात. दुसरीच्या वर्गात त्यांनी एक आठवडा तरी काढला आहे का? रागाने लिहिते आहे, क्षमा असावी.

जत तालुक्यात मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कानडी. दुसरीतली एक मुलगी 'एकोणपन्नास' सांगितलं की पाटीवर ५९ लिहायची. मी फुली मारायची, ती पुसून पुन्हा ५९ लिहायची. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला, तर म्हणाली, "बाई, तुम्ही पन्नास म्हणताय ना? मग पाच का नको?" मी गप्पच झाले. घरी ती 'नलवत्तोंबत्तु' ऐकत होती, आधी चाळीस, मग नऊ. जसं बोलायचं तसंच लिहायचं. आपल्या सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी. एकोणपन्नासमध्ये तर चाळीस कुठेच नाही!

दुसऱ्या दिवशी काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे तिच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, एकच काडी मला दे. तिला एक गठ्ठा सोडावा लागला. उरले चार गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या काड्या. "एक उणे पन्नास, म्हणून एकोणपन्नास," एवढंच मी बोलले. मग एकोणतीस, एकोणसाठ तिने आपणहून मांडले. नव्व्याण्णवपाशी मात्र अडली, 'एकोणशंभर' का नाही म्हणून. पुढे वजाबाकीत दशक मोडून सुटे करायची वेळ आली तेव्हा तिला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. गठ्ठा तिने हाताने सोडला होता.

हे ज्यांचं राहून जातं, ती मुलं सातवीतही ०.५ पेक्षा ०.४५ मोठे सांगतात, कारण पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे. तीस पाढे तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा सांगतात, मी ऐकलं आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीससाठी 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा त्याची केवढी थट्टा झाली. पुस्तकात जुनं वाचनही होतं, ते बघायला कुणाला सवड नव्हती. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकर मुलांची अडचण परोपरीने सांगत होत्या. सत्तावीस हा शब्द जावा असं मलाही वाटत नाही, पण त्या पुस्तकाला हसणाऱ्यांनी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं मला आठवत नाही. पाढे हवेतच. आधी गठ्ठे बांधू द्या, सोडू द्या, त्याला महिने लागले तर लागू द्या.

आणखी एक. त्याच लेखात 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीचे आकडे आहेत. देशभरात ग्रामीण भागात भागाकार येणारी पाचवीची मुलं २०२२ मध्ये २५.६ टक्के होती, २०२४ मध्ये ३०.७ टक्के झाली. याला 'पाच टक्क्यांनी वाढ' म्हटलं आहे. ती पाच टक्के बिंदूंची वाढ आहे, म्हणजे दोन टक्केवारींतला नुसता फरक. आधीच्या २५.६ च्या तुलनेत टक्क्यांत मोजली तर जवळपास वीस टक्के होते. सातवीची मुलं तुमचा अंक वाचतात. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक निवृत्त शिक्षिका, जत (जि. सांगली)